शेवंतानंतर, रिबेकाच्या आधी

त्या दिवशी आमच्या शाळेत तिसरीच्या मुली पाढे म्हणत होत्या. एकोणतीसचा पाढा अर्ध्यावर आला असेल, तोच शेवंता वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. शेवंता माझी लहानपणची शाळासोबतीण, आता मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. भर दुपारी काम टाकून ती नगरपालिकेच्या शाळेत उगाच येणार नाही, हे मला दिसत होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "नरसू, बाई गेल्या." मुली पाढा थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "थांबलात कशाला? पुढं म्हणा." त्यांनी पुढं म्हटलं, मी ऐकत उभी राहिले… काय ऐकलं ते मात्र विचारू नका.

मागच्या रविवारी बाईंच्या आठवणीसाठी प्रार्थनामंदिरात सभा झाली. शांत, मृदुभाषी, कुणाला कधी दुखावलं नाही असं एकेक जण उठून बोलत होता, आणि मी मागच्या बाकावर ओठ चावत बसले होते. मार्थाबाई आणि मृदुभाषी! आम्हा पोरींना विचारा. बाईंनी हातात छडी कधी धरली नाही हे खरं, पण त्यांच्या जिभेपुढं छडी परवडली असती. माणूस गेलं की त्याला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. मला ती जमत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

बाई मूळच्या माढ्याकडच्या. दुष्काळात आईबाप गेले, मिशननं वाढवलं, शिकवलं, आणि त्याच मिशनच्या मुलींच्या शाळेत त्या मास्तरीण झाल्या. मराठी इतकं स्वच्छ शिकवायच्या की आमच्यासारख्या तेलुगू घरातल्या पोरींनाही 'ळ' आणि 'ण' चुकवायची सोय नव्हती. पण राग आला की त्यांचं स्वतःचं स्वच्छ मराठी कुठं जायचं कोण जाणे. "लई शानी झालीस व्हय? ये हितं, दाव पाटी," असं ऐकू आलं की वर्ग चिडीचूप होई. राग ओसरला की त्यांच्या लक्षात यायचं. मग पदरानं घाम टिपत म्हणायच्या, "मी आत्ता जे बोलले, तसं बोलायचं नसतं. समजलं?" आम्ही खाली माना घालून हसायचो, आणि त्यांना ते कळायचं.

डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे होते, तेव्हाची गोष्ट सांगते. इतर शाळांत ढ मुलींना त्या दिवशी घरीच ठेवत. बाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि बजावलं, "येत असेल ते सांगा. येत नसेल तर येत नाही म्हणा. अंदाजे ठोकून दिलंत तर गाठ माझ्याशी आहे." साहेबांनी नेमका गंगूला व्याजाचा हिशोब विचारला. गंगू उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, मला न्हाय येत." साहेबांनी भुवया चढवल्या, शेरा वाईट पडला. ते गेल्यावर आम्हाला वाटलं, आता गंगूची खैर नाही. बाईंनी तिला जवळ घेतलं. नंतर महिनाभर शाळा सुटल्यावर थांबवून व्याज शिकवलं, तेव्हा मात्र भरपूर बोलणी दिली. चुकण्याबद्दल त्या कधी फार रागावल्या नाहीत. लबाडीबद्दल त्यांनी कुणाला सोडलं नाही.

सकाळी शाळा भरली की प्रार्थना. बाईंची प्रार्थना मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, घरच्या वडीलधाऱ्याला घरातली हालहवाल सांगावी तशा त्या देवाला सांगायच्या. बाकांच्या क्रमानं एकेकीचं नाव घ्यायच्या. "एस्तेरची आई बाळंत झाली आहे, तिला बघ. गंगूची भीती घालव. शेवंताचा ताप उतरू दे." मग माझी पाळी. "नरसम्मा फार बोलते, देवा, पण डोकं चांगलं आहे, तिच्या जिभेला जरा लगाम दे." माझ्यानंतर रिबेका, तिचा भागाकार. मी एक डोळा किलकिला करून ऐकायची. आपलं नाव कुणी इतक्या वर पोचवतंय याची मला भारी ऐट वाटे. लगामाचं काही जमलं नाही, ते वाचकांना दिसतंच आहे.

आता आमच्या घराबद्दल. आम्ही विणकर. वडिलांना नायना म्हणायचं, आईला अम्मा. पुढच्या खोलीत माग, आणि नायना दिवसभर मागावर. त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. घरात एकाला तरी कचेरीचा कागद वाचता यावा ही त्यांची हौस; मुलगा नव्हता, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. जवळची मुलींची शाळा मिशनचीच. "शिक, पण बाटू नको," एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी सहावी पास झाले. आणखी एक वर्ष, सातवीची फायनल, की मुलीला मास्तरीण होता येतं, असं बाईंनी माझ्या डोक्यात भरवलं होतं. मला रात्रंदिवस तेच दिसे.

आणि नळावर कुणीतरी अम्माच्या कानात सांगितलं की शाळेत तुझ्या पोरीचं नाव रोज त्यांच्या देवापुढं घेतात. अम्मानं ते नायनांच्या कानावर घातलं. दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. पण आमच्या घरात मूल जन्मलं की त्याचं नाव पहिल्यांदा मार्कंडेयापुढं, म्हणजे आमच्या जातीच्या देवापुढं उच्चारायचं, आणि मग पाळण्यात. ज्या देवापुढं नाव घेतलं, त्याचं ते मूल. नायनांच्या दृष्टीनं सरळ हिशोब होता. पाणी शिंपडायची गरजच नव्हती. मला बाटवून झालं होतं, तेही रोज सकाळी. ते धोटा मागावर तसाच टाकून उठले आणि माझ्याबरोबर शाळेत आले. आत आले नाहीत. व्हरांड्याच्या पायरीखाली उभे राहिले, तेव्हा बाई बाहेर आल्या.

"बाई, माझ्या पोरीचं नाव तुमच्या देवापुढं घेता का तुमी?"

"घेते की. रोज घेते."

"कशाला?"

"तिचं भलं व्हावं म्हणून."

"जन्मली तवा आमच्या देवापुढं नाव घेतलंय. तवापासनं ती त्याची हाय. आता तुमी तुमच्या देवापुढं घेता. मग ती कुणाची?" नायना शांतपणे बोलत होते. ते ओरडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती. "उद्यापासनं ती येणार नाय."

मी खांबाला धरून उभी होते. बाई आता नायनांना वादात चीत करणार याची मला खात्री होती. चांगल्या चांगल्या शास्त्र्यांना त्यांनी गप्प केलेलं होतं. पण त्यांनी वाद घातलाच नाही. एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिचं नाव मी घेणार नाही. पण फायनलपर्यंत तिला शाळेत राहू द्या."

"शपथ घ्या."

"शपथ मी घेत नाही. शब्द देते."

नायनांनी मान हलवली आणि ते मागाकडे परत गेले. माझी शाळा वाचली. त्या शब्दाची बाईंना काय किंमत पडली असेल, हे कळायचं माझं वय नव्हतं. ज्या पोरीवर आपला जीव आहे, तिला देवाकडे सोपवण्याखेरीज त्यांच्याजवळ मोठं असं काही नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांनी काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुरू झाली. एस्तेर झाली, गंगू झाली, शेवंता झाली… आणि बाई थांबल्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर, ओठसुद्धा हलत नव्हते. मग रिबेका. मला रडू कोसळलं. सगळ्या वर्गात मी एकटीच देवाच्या दारातून परत पाठवलेली, असं वाटलं मला. तीन-चार दिवस मी प्रार्थनेला डोळे मिटलेच नाहीत, बाईंच्या तोंडाकडे रागानं बघत राहिले. आणि बघता बघता लक्षात आलं की त्या थांबतात, ते फार वेळ थांबतात. माझं नाव घेऊन 'जिभेला लगाम दे' म्हणायला जेवढा वेळ लागायचा, त्याहून कितीतरी जास्त. रिबेकाला तर एकदा वाटलं, बाईंना झोपच लागली. माझ्याबद्दल रोज एवढं काय सांगत होत्या, ते मला कधी कळलं नाही.

मडमसाहेबांच्या मात्र ही गोष्ट कानावर गेली. शाळेच्या मुख्य त्याच. त्यांनी बाईंना आमच्यासमोरच विचारलं, "मार्थाबाई, माणसाच्या भीतीनं तुम्ही देवापुढं गप्प बसता?" बाई म्हणाल्या, "देवापुढं नाही मडमसाहेब, पोरींपुढं गप्प बसते." मडमसाहेब तशाच निघून गेल्या. पुढं तो विषय निघाला नाही, पण त्या वर्षी वरच्या जागेवर बाईंच्या मागून आलेल्या एका बाईंची नेमणूक झाली.

मी फायनल पास झाले. लग्न झालं, यजमान लवकरच गेले आणि मी माहेरी परत आले. सातवीच्या दाखल्यावर नगरपालिकेच्या शाळेत नोकरी मिळाली. आज अम्मा आणि मी जे खातो, ते त्या एका वर्षाचं खातो. बाईंकडे मी जात असे. त्यांनी मला त्यांचा धर्म घे असं एका शब्दानं कधी सुचवलं नाही, आणि आपला धर्म माझ्यापासून कधी लपवलाही नाही. शहरातला लष्करी अंमल उठला त्या पावसाळ्यात नायना गेले. बाई आमच्या दारात आल्या, पायरीखालीच उभ्या राहिल्या, अम्माला हात जोडले आणि गेल्या.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. त्यांना दमा झाला होता. आडवं होता येत नव्हतं, खुर्चीत उशा लावून बसवलं होतं. मी पंख्यानं वारा घालत होते. दिवस मावळला तशा म्हणाल्या, "थांब गं, माझ्या पोरींचं आटपून घेते." आणि त्यांनी डोळे मिटले. तोच क्रम, तेच बाक. एस्तेर परगावी, गंगू बाळंतपणात गेलेली, तरी नाव तिचं आलंच. शेवंता… आणि त्या थांबल्या. दम लागत होता, छाती वरखाली होत होती, तरी थांबल्या. माझ्यानं राहवलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "नायना आता नाहीत. घ्या की माझं नाव. एकदा घ्या."

त्यांनी डोळे उघडले. "शब्द दिला होता त्यांना."

"ते गेले की!"

"ते गेले. शब्द कुठं गेलाय?" मग माझा हात धरला, आणि राग नसतानाही त्यांचं माढ्याकडचं बोलणं तोंडावर आलं. "मला लई वाटतं गं घ्यावं… लई वाटतं. पर न्हाय."

मला राग आला. अजूनही आहे. इतकी वर्षं सांभाळलेला शब्द दोन क्षण बाजूला ठेवला असता, तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी पंखा हलवत राहिले आणि त्यांनी रिबेकाचं नाव घेतलं.

मातीला मी गेले होते. पाळकांनी चांगली प्रार्थना केली, सगळ्यांनी गाणं म्हटलं, मी आणि शेवंता हातात हात धरून उभ्या होतो. सगळं व्यवस्थित झालं. पण माती पडताना मला एकच वाटत होतं, की शेवंतानंतर आणि रिबेकाच्या आधी थांबणारं माणूस आता जगात कुणी उरलं नाही. नावं काय, कुणीही घेईल. मला फार पोरकं वाटलं. आईवडील दोघंही गेल्यावर वाटतं म्हणतात, तसं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अम्मानं आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. मी डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनीच भिंतीशी बसले. अम्मा देवापुढं दिवा लावून मार्कंडेयाला घरातल्या माणसांची नावं सांगत असते, जिवंत आणि गेलेल्यांची सुद्धा. त्या संध्याकाळी पेटलेली काडी हातात धरून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आ पंतुलम्मा पेरु एंदि?" म्हणजे, त्या मास्तरीणबाईंचं नाव काय? ज्या बाईपायी तिनं नळावरची चहाडी घरात आणली, तिचं नाव तिला आजवर ठाऊकच नव्हतं. आमच्या घरात त्या नुसत्या 'बाई' होत्या.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"देवापुढं घ्यायला."

बाईंना हे चाललं असतं? मला नाही वाटत. त्या आपल्या श्रद्धेला पक्क्या होत्या, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यापुढं आपलं नाव त्यांना रुचलं नसतं. अम्मा वाट बघत होती, काडी विझत आली होती. पण शब्द बाईंनी नायनांना दिला होता. मी कुणाला काही शब्द दिलेला नव्हता.

"मार्थाबाई," मी म्हटलं.

अम्मानं दिवा लावला, हात जोडले आणि सुरुवात केली. आजा, आजी, माझे यजमान. मग नायनांची जागा आली. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तिथं अम्मा जन्मभर नुसती थांबते. त्याही दिवशी ती डोळे मिटून खूप वेळ थांबली, आणि मग लगेच पुढं, मोठ्यानं म्हणाली, "मार्तम्मा."