‘नाही’चा तास

तो कशालाही ‘हो’ म्हणायचा. पाणी हवंय का, हो. पाणी नकोय का, तरी हो. पहिल्याच दिवशी मी त्याला गमतीने विचारलं, "काय रे, तू बाई आहेस का?" तर तितक्याच गोड चेहऱ्याने म्हणाला, "हो टीचर." सगळे हसले, तोही हसला. तिशी उलटलेला, जाड मिशीवाला, पुढचे केस विरळ झालेला माणूस होता तो.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं केंद्र आहे. वय वाढलं पण समज मागे राहिली, अशा मोठ्या मुलामुलींना कामाचं शिकवायचं, कुठेतरी चिकटवायचं आणि चिकटलेलं सुटू नये म्हणून मागे लागायचं, हे माझं काम. या मुलांसाठी दर काही वर्षांनी सरकारदरबारी नवा, आणखी सुंदर शब्द निघतो. शब्द सुधारतो, नोकरीचं मात्र तेच रडगाणं. मालक मंडळी मला चहा पाजतात, माझ्या ‘कार्या’ला हात जोडतात. ‘कार्य’ हा शब्द निघाला की मी पर्स उचलते, कारण तिथे काही मिळणार नसतं.

त्याच्या आईचं एकच मागणं होतं, त्याने डबा घेऊन कामाला जावं. वडील कारखान्यात होते. ते सकाळी डबा घेऊन निघायचे आणि हा गॅलरीतून हात हलवायचा. ते वारल्यावर तो स्टीलचा डबा फळीवर तसाच पडून होता. आमच्याकडे डबा घेऊन निघतो तो कामाचा माणूस, घरात बसतो तो शेजाऱ्यांच्या चर्चेचा विषय. "जयभीम मॅडम," म्हणून ती दारातच सुरू करायची. "मला शुगर, मला बीपी. माझ्यामागं हा कुणाच्या दारात बसंल? एकदा ड्युटीला लागला म्हंजे माझा जीव मोकळा."

उल्हासनगरात एका फरसाणाच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. पाकिटं मशीनमधून सील होऊन खाली पडायची, ती मोजून खोक्यात भरायची. मोजणी तो चुकत नसे. शेठ सिंधी, मोठ्या आवाजाचा आणि मोकळ्या हाताचा. सणाला घरी मिठाई पाठवणारा. महिनाभराने मला फोन करून म्हणाला, "मॅडम, असे अजून चार द्या ना मला. एकदम भोळा. याला ‘ना’ बोलताच येत नाही."

मी खूश झाले. घरी जाऊन नवऱ्यालासुद्धा ते वाक्य ऐकवलं. मग एकदा न सांगता दुपारी तिथे गेले. सगळ्यांची जेवणं उरकली होती आणि हा नळाखाली बसून सगळ्यांचे डबे घासत होता. त्याचा स्वतःचा डबा खिडकीत, न उघडलेला. कोणी सांगितलं डबे घास, हा म्हणाला हो. कोणी सांगितलं चहा आण, हो. कोणी सांगितलं माझी पोती तू उचल, त्यालाही हो. "भूक लागली का?" मी विचारलं. "हो." "नाही लागली का?" "हो." माझं डोकं फिरलं.

त्या आठवड्यापासून सुट्टीच्या दिवशी मी त्याला केंद्रात बोलवायला लागले. एकच विषय, ‘नाही’. चप्पल पुढे करून विचारायचं, "ही डोक्यावर घालायची का?" तो म्हणायचा हो आणि घालायचा. आम्ही दोघं हसून बेजार व्हायचो. पहिला ‘नाही’ आला तो कारल्याच्या भाजीला. मी त्याची पाठ थोपटली. मग ठरूनच गेलं, बरोबर ‘नाही’ म्हटलं की पाठ थोपटायची. "दुसऱ्याचा डबा घासायचा का?" नाही. थाप. "मशीन चालू असताना आत हात घालायचा का?" नाही. थाप. हा शेवटचा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारायचे, कारण पाकीट अडकलं की तिथली माणसं मशीन न थांबवता हात घालून ओढतात, हे मी पाहून आले होते. पाकीट चिकटवणारी ती पट्टी तव्यासारखी तापलेली असते.

आईला हा अभ्यास पसंत नव्हता. "मॅडम, मीच त्याला लहानपणापासून हो शिकवलंय," ती एकदा म्हणाली. "अशा पोरांनी नाही म्हटलं की लोक मारतात. हो म्हटलं की निदान हाकलत तरी नाहीत." मी तिला समजावलं. तिला ते पटलं नाही, आणि तिचं म्हणणं खोडून काढता आलं असं मलाही वाटलं नाही.

मग एके दिवशी शेठचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "त्याच्या आईला घेऊन या."

ऑफिसात शेठ, मशीन चालवणारा माणूस आणि कोपऱ्यात स्टुलावर हा. मशीनवाल्याच्या उजव्या हाताला जाड पट्टी होती. झालं होतं ते साधंच. पाकीट अडकलं, मशीनवाल्याने याला सांगितलं, हात घालून खेच. याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाला, नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. सगळे बघत होते. मशीनवाल्याने चिडून स्वतःच हात घातला.

"शेठ, याचा हात गेला असता," मी म्हटलं.

"गेला नाही ना, मॅडम? माझ्याकडे सगळेच हात घालतात. कोणाला काय झालंय?"

मशीनवाल्याने पट्टीचा हात हळूच टेबलाखाली घेतला. त्यालाही त्याची नोकरी हवी होती. मला त्याचा राग येईना, म्हणून जास्तच राग आला.

"मला भांडण नको," शेठ म्हणाला. "याला सॉरी बोलू द्या. पुढे जे सांगू ते करेल एवढं बोलू द्या. उद्यापासून काम चालू."

"म्हण रे बाळा," आई म्हणाली. तिचे डोळे त्या टेबलाखालच्या हातावरच होते. "म्हण, सॉरी."

"सॉरी," तो म्हणाला. मग मशीनवाल्याला विचारलं, "दुखतंय?" तो माणूस खाली बघून म्हणाला, "हो."

"सांगू ते करणार ना?" शेठने विचारलं. "हात घालणार ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. शिकवताना आमचा नियम होता, उत्तर चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. त्याने काय म्हणावं असं मला वाटत होतं ते आजही मला नीट सांगता येत नाही.

"नाही," तो म्हणाला.

शेठने हात जोडले. "मग मला माफ करा, मॅडम. मला भोळा पोरगा पाहिजे होता. ‘ना’ बोलणारे तर बाहेर खूप भेटतात."

रिक्षात मागे आम्ही तिघं, तो मधे. वाटलं होतं आई मला चार शब्द सुनावेल. पण तिने त्याचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले आणि एकेक बोट उलटसुलट करून बघत बसली. बघत होती आणि रडत होती. स्टीलचा डबा त्याच्या पायाशी होता, आणि रिक्षा खड्ड्यात गेली की आतला चमचा वाजायचा.

अंबरनाथ जवळ आलं तसं त्याने आईला विचारलं, "उद्या डबा?"

तिने बाहेर तोंड फिरवलं. मग त्याने मला विचारलं, "टीचर, उद्या डबा?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने आईच्या हातातून एक हात सोडवून घेतला आणि माझी पाठ थोपटली. मग विचारलं, "परवा?"