अंगावरची गादी

दोन्ही तळहात कमरेवर थापटून मावशी म्हणायची, "गादी आहे हे, गादी. पडली तरी हाडाले खबर होत नाही."

अशी एखादी मावशी तुमच्याही गल्लीत असेल. आमची मावशी गोंदियाजवळ मुर्रीकडच्या एका शाळेत पोषण आहार शिजवायची. भाताचा भरला गंज चुलीवरून एकटीने उतरवायची आणि कुणी हात लावायला गेलं तर डोळे वटारायची. मी गावची आशा सेविका, अंगाने काडी. गोळ्या वाटायला शाळेत गेले की आधी ताट पुढे यायचं आणि मग टोमणा, "खाय वं. हवा आली तं उडून जाशीन." तिचा माझ्यावर जीव होता, विश्वासही होता. म्हणून आधीच सांगून टाकते, तिला फसवलं ते मीच.

पाळी गेल्यावर मावशीचं पोट सुटलं, दंड भरले. तिला त्याचं दुःख नव्हतं. ऐन उमेदीत उपाशी दिवस काढलेल्या बाईला अंगावर चढलेलं मांस कमाईच वाटतं. मलाही तसंच वाटायचं. जाडीची हाडं पक्की, वाळकीची ठिसूळ, हे मी ऐकत आले होते आणि घरोघरी सांगतही होते. मावशी अधूनमधून पाठ दुखते म्हणायची. गंज उचलणं कमी कर आणि मलम चोळ, एवढं सांगून मी पुढच्या घरी जायचे.

मग गावात हाडं तपासायचं शिबिर आलं. चिठ्ठ्या मोजक्या, बाया ढीगभर, आणि रांग लावायचं काम माझ्याकडे. मावशी लग्नाकार्यातली जांभळी साडी नेसून सकाळपासून पुढे उभी होती. मी तिला दंड धरून बाजूला केलं.

"तुले काय धाड भरली मावशी? मागच्या वाळक्या बायायले येऊ दे."

सगळ्या हसल्या. मावशीही हसली, कमरेवर थापटलं आणि हातातली चिठ्ठी मागच्या बाईला देऊन मोकळी झाली. ती साडी माझ्या लक्षात आली ते घरी गेल्यावर.

दिवाळीच्या सुट्या लागायच्या आधी ती शाळेत सांडलेल्या पाण्यावरून घसरली. फार काही नाही, नुसती खाली बसली. पोरं खिदळली. गादीवरच पडली होती ना! पण मावशी उठली नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं.

गोंदियात ऑपरेशन झालं. एवढी भरलेली बाई, हाड मोडलंच कसं, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाळी गेल्यावर हाडं झिजतात, आणि पोटावरची चरबी त्यांना राखते असं नाही, कधीकधी नुकसानच करते. वजन पाहून हाड कळत नाही, तपासावं लागतं. मावशी खाटेवर डोळे मिटून होती. झोपली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं भरवसा ठेवला तिने मला दगा दिला होता, आणि तो दगा मी शहाणपण म्हणून मावशीच्या पदरात घातला होता.

त्यानंतर ती घरी खाटेवरच राहिली. खाणं सुटलं. मी कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन जायचे, ती घ्यायची. मला ताट वाढायला सुनेला खूण करायची, तेवढंच.

थंडीत एकदा गेले तेव्हा सून शेतावर होती. मावशीला उठून बसायचं होतं. मी काखेत हात घातले आणि तिला एकटीने उचललं. हवेने उडून जाणारी मी! हाताला गादी कुठे लागलीच नाही, नुसती हाडं लागली.

तिचं तोंड माझ्या कानाजवळ होतं. ती हळूच म्हणाली, "पाठ दुखून राहिली होती म्हणून तं आली होती. मले लाइनीतून काऊन काढलं वं?"

मी तिच्या पाठीशी उशी लावत राहिले. पाणी देऊ का, असं विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. संक्रांतीच्या आत मावशी गेली.