आधी स्टूल, मग ड्रम

आमचा ड्रमर गाडीतून सगळ्यात आधी स्टूल उतरवायचा. लोखंडी, घडीचं. ते मांडून दोनदा बसून बघायचा आणि मगच ड्रमला हात लावायचा. केजच्या आमच्या चौघांच्या रॉक बँडमध्ये यावरून त्याची रोज चेष्टा व्हायची. त्याचं उत्तर ठरलेलं असे, "वाजवणाऱ्यानं आधी बसावं."

गावच्या वरातीपुढे हलगी वाजवत चालणं हे त्याच्या आजोबांवर रूढीनं लादलेलं काम होतं. बौद्ध धम्म स्वीकारला त्या वर्षी त्यांनी हलगी खाली ठेवली, ती कायमची. वडील, म्हणजे अण्णा, शिक्षक झाले. मुलाने पुण्याहून जुना ड्रम सेट आणला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आज्यानं ठेवलेलं तू कामून उचलतूस?" पुढे सात वर्षं ते एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. तो मात्र प्रत्येक कार्यक्रमाची जागा आणि वेळ त्यांना सांगूनच निघायचा.

घरात आवाज नको म्हणून तो उशीवर सराव करी. ही कला तुमच्या रक्तातच आहे, असं कुणी कौतुकानं म्हटलं की तो तळहातावरचे घट्टे दाखवायचा. "रक्तात काय न्हाई बे. उशा फोडल्यात."

युसूफ वडगाव या गावी एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात आम्हाला मंचावर वाजवायचं होतं. ऐनवेळी यजमानांनी त्याला छोटा ड्रम गळ्यात अडकवून वरातीपुढे चालायला सांगितलं. "बसून वाजवीन," तो म्हणाला. "चालत वाजवायचं माझ्या आज्यानं सोडलंय." आम्ही तिघांनी त्याची समजूत काढायचा प्रयत्न केला, हेही नोंदवायला हवं. त्याने स्टुलाची घडी घातली. न वाजवताच आम्ही परतलो. ही बातमी आमच्याआधी केजला पोचली होती.

पुढच्या महिन्यात अंबाजोगाईच्या एका कॉलेजात आमचा कार्यक्रम होता. अण्णा आले, शेवटच्या रांगेत बसले. कार्यक्रम संपल्यावर मंचावर चढले. ड्रमला त्यांनी हात लावला नाही. स्टुलावर बसले, दोन्ही बाजूंना कलून पाहिलं.

"एक पाय डुगडुगतोय," ते म्हणाले. "उद्या वेल्डिंग करून आणू."

बँड मोडला. मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो, तो केजलाच ड्रम शिकवतो. अण्णा आता नाहीत. स्टूल तेच आहे. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने ते रंगवायला घेतलं, तेव्हा वेल्डिंगची गाठ तेवढी त्याने न रंगवता ठेवायला लावली.