आत्या आणि मुका ट्रॅक्टर

आमच्या आत्याच्या नाकावर राग कायम बसलेला. एखाद्या दिवशी नसला तर शेजारणी तब्येत विचारायला येतात. हॉस्पिटलच्या हिरवळीवर वीस वर्षं ती गवत कापायचं हातयंत्र ढकलत आली. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला, तिनं नाही. मी त्याच हॉस्पिटलात चादरी सांभाळतो, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांदेखत पाहिलंय.

मग बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर आला. पोटाखाली गवत कापायची पाती, शिवाय मागे जोडायला रोलर, पानं गोळा करणारा झाडू आणि ट्रॉली. हॉस्पिटलचे साहेब म्हणाले, "बाई, एका चार्जिंगमध्ये सगळं आवार झालं पाहिजे. जमलं तर सीट तुमची. नाहीतर बाहेरून ड्रायव्हर आणू, तुम्ही खुरपणी बघा."

खुरपणी म्हणजे दिवसभर त्याच गुडघ्यांवर. आत्याला ती सीट हवी म्हणजे हवीच होती.

हाताच्या रोलरच्या पिंपात गच्च पाणी भरायचं, म्हणजे जमीन बसते, ही तिची जुनी रीत. पहिल्या दिवशी हा नवा रोलरही तिनं तसाच भरला, ट्रॅक्टरला जोडला आणि खाली पाती चालू ठेवून निघाली. हातानं ओढताना ओझं खांद्याला कळायचं. डिझेलचा ट्रॅक्टर असता तर ओझं जास्त झाल्यावर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा रडला असता. हा बिचारा न कुरकुरता ओढत राहिला आणि अर्ध्या वाटेत गुलाबांच्या वाफ्यापाशी मुकाट्यानं मेला. आम्ही सहा जणांनी ढकलत तो शेडमध्ये नेला. वॉर्डाच्या खिडक्यांतून पेशंट टाळ्या वाजवत होते.

"यंत्रच खोटं आहे," आत्या म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो आणि दोन दिवस बोलणी खाल्ली. साहेबांनी शुक्रवारी शेवटची संधी दिली.

गुरुवारी शेडमध्ये डोकावलो, तर आत्या घाम गाळत ट्रॉली हातानं ओढतेय! मग झाडू. मग रोलर, आधी रिकामा, मग अर्धा भरलेला.

"अगं, मग ट्रॅक्टर कशाला आणलाय?"

"तो मेला बोलतो का काही? कोण किती जड, ते माझ्या खांद्याला कळू दे आधी."

शुक्रवारी बॅटरी ताजी होती तोवर तिनं फक्त गवत कापलं, मागे काही न जोडता. मग झाडू जोडला, मग ट्रॉलीतून कचरा नेला. रोलर सगळ्यात शेवटी, तोही अर्धाच भरलेला आणि जमीन उंचसखल होती तेवढ्यापुरता. गुलाबांपाशी आली तेव्हा माझा जीव मुठीत. पण ट्रॅक्टर थांबला नाही. शेडमध्ये शिरला तेव्हा बॅटरीचा एक पट्टा अजून शिल्लक होता! मी साहेबांच्या देखत शिट्टी मारली. डोळ्यांत पाणीही आलं, त्यात लाज कसली?

साहेबांनी किल्ली तिच्याच हातात ठेवली. "बाई, आता ही तुमच्याकडेच."

साहेब गेले, माणसं पांगली, तरी आत्या सीटवरून हलेना.

"आत्या, उतर की. जेवायची वेळ झाली."

"डबा इथंच आण," ती म्हणाली. "एवढी वर्षं उभ्यानं काढली. आता बसू दे मला."