मामांनी बिघडवलेली पँट

"तू कोण?" असं विचारल्याशिवाय माणसाच्या अंगाला टेप न लावणारा शिंपी अख्ख्या म्हैसुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या आईचा मावसभाऊ निघावा हे माझं भाग्य. हे मी आज म्हणतो. पस्तिशीपर्यंत मी याला दुसरंच काहीतरी म्हणत होतो. मामा नाटकमंडळ्यांचे कपडे शिवायचे. राजा, भिकारी, पोस्टमन, राक्षस, सगळे त्यांच्या हातून जायचे, आणि मामांचं ठाम मत असं की माणूस जसा उभा राहतो तसं त्याचं माप. राजाची छाती आणि राजाचं काम करणाऱ्या क्लार्कची छाती यांत म्हणे दोन इंचांचा फरक पडतो. तेव्हा आधी राजा होऊन दाखवा, मग टेप. "सुम्ने उभा राहू नको रे, उगाच खांबासारखा! कोण आहेस ते सांग आणि तसा उभा राहा," हे त्यांचं पालुपद. नाटकापुरतं राहिलं असतं तर कोण बोललं असतं? पण लग्नाच्या कोटासाठी आलेल्या नवरदेवांनाही सुटका नव्हती. एका लाजाळू पोराला त्यांनी भर दुपारी, सासरच्या चार माणसांसमोर, अक्षता पडताना कसा उभा राहशील ते तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा तो रडकुंडीला आला तेव्हा मामा खूश. "हां, आता खरं माप आलं!" फक्त देवळातल्या विठ्ठलाचा अंगरखा शिवताना ते काही विचारत नसत. का, म्हटलं तर म्हणाले, "किती युगं झाली, त्याने पोज बदललेली नाही. त्याला काय विचारायचं?"

प्रत्येक नाटकाला मामा पहिल्या रांगेत, पण नाटक बघतील तर शपथ. ते शिवण बघत. गोष्ट विचारा, शून्य! त्यांच्या लेखी 'ते काळ्या मखमलीचं नाटक', 'ते अस्तर फाटलेलं नाटक' एवढीच ओळख. एकदा नायक धाडकन पडून मेला, अख्खं थिएटर डोळे पुसतंय, आणि मामांनी एकट्याने कडकडून टाळी वाजवली. का, तर एवढ्या जोरात पडूनही काखेतली शिवण उसवली नाही! तो मेलेला नायक मीच होतो. मला हसू आवरेना, आणि मेल्या माणसाचं पोट गदागदा हलताना त्या दिवशी लोकांनी पाहिलं.

तर असे मामा, आणि भाचा पंधरा वर्षं नट. कन्नड रंगभूमीवर बऱ्यापैकी, मालिकांत 'साहेब, गाडी तयार आहे' इतपत. माझ्या पस्तिसाव्या वर्षी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ओळखीतून शहराबाहेर कडकोळच्या एका कारखान्यात ऑफिसातली नोकरी ठरवली. आप्पा निवृत्त हेडमास्तर. आमच्या घरात 'बघू' हे उत्तर चालत नाही. सोमवारी रुजू व्हायचं. आठवड्याचे सहा दिवस तिकडे, घरी यायला संध्याकाळचे सात, म्हणजे तालमी संपल्या हे उघड होतं. मी मनाला समजावलं की पुरे आता. खरं सांगतो, थकलो होतो. ऑडिशनला ताटकळत बसायचं आणि शेजारच्या विशीतल्या पोराने 'अंकल, पेन आहे का?' म्हणायचं, हे किती वर्षं चालवणार?

ऑफिसचे कपडे शिवायला अर्थात मामांकडे. "कोण तू?"

"कडकोळच्या कंपनीतला ऑफिसर," मी म्हणालो.

"मग हो."

आणि मी झालो. पंधरा वर्षांची खोड, जाते कुठे? खांदे पडले, हातात नसलेल्या डब्याच्या पिशवीने उजवा खांदा आणखी खाली ओढला, पोट सुटलं, मान पुढे आली, नजर भिंतीवरच्या घड्याळाला चिकटली. मामा मापं लिहीत गेले.

शनिवारी कपडे आले. घरी घालून आप्पांपुढे ताठ उभा राहिलो तर छातीवरची बटणं तटतटलेली, पाठीत फुगा, एक बाही बोटांपर्यंत, आणि पँट खाली घसरतेय. खांदे पाडून पोट सोडलं की मात्र सगळं अंगावर उगवल्यासारखं बेतशीर! आई हसायला लागली आणि मधेच हसू थांबवून माझ्या पडलेल्या खांद्यांकडे बघत राहिली.

तसाच दुकानात गेलो. "अय्यो, चुकलं रे! हाताची सवय," मामा म्हणाले. शपथेवर म्हणाले. पण कपडे दुरुस्तीला घ्यायला हात काही पुढे केला नाही. "वाकून उभा राहिलास की बसतात ना? मग तसा राहा. पंचवीस वर्षांचा तर प्रश्न."

मी सरळच विचारलं, "मामा, सोडू का नाटक?"

"मला नाटकातलं काय कळतं?" त्यांनी मशीनवरचे धागे वेचले. मग म्हणाले, "तू पडलास तेव्हा टाळी वाजवली ना मी, ती शिवणीसाठीच. पण मरायच्या आधी तू आईला हाक मारतोस, तेव्हा मी शिवण बघायचं विसरतो. दर खेळाला विसरतो. नोडु, बघ, माझं काम चुकवणारा नट तू एकटाच."

पंधरा वर्षांत इतकं कोणी दिलं नव्हतं. मी त्या कापडाच्या ढिगाऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो.

रविवारी सकाळी मी आप्पांना सांगायला शब्द जुळवत होतो, तोवर मामाच दारात हजर. "भावोजी, चूक माझी. पोराच्या अंगाला बसेल अशी ऑफिसची पँट मला शिवता येत नाही. त्याने जायचं कसं?" काय ही सबब! आप्पा असे भडकले म्हणता! "गावातली दुकानं काय बुडाली? तुम्हीच लाडावून ठेवलाय त्याला!" मामा खाली मान घालून ऐकत राहिले. मग मी म्हणालो, नोकरी नको. पण तोवर आप्पांचा सगळा राग मामांवर खर्च झाला होता. पुढे सहा वर्षं आप्पा माझ्याशी बोलत राहिले आणि मामांशी बोलले नाहीत. माझ्या वाट्याचा अबोला त्या माणसाने घेतला, आणि एकदाही बोलून दाखवला नाही. हे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार?

मी मोठा नट झालो नाही. सकाळी शाळेत मुलांना नाटक शिकवतो, संध्याकाळी स्वतः करतो, आणि सकाळी उठताना बरं वाटतं. मामांचे हात आता थरथरतात. दुकान बंद करून ते टी. नरसीपूरला लेकीकडे राहतात. गेल्या महिन्यात, एका रविवारच्या दुपारच्या खेळाला, आप्पा पहिल्यांदाच माझं नाटक बघायला आले. पहिल्या रांगेत मामा नव्हते, याची हुरहूर मला सगळा वेळ होती. खेळ संपल्यावर आप्पा बाहेर बाकावर बसून होते. चहा अर्धा टाकून म्हणाले, "मामांना फोन लाव."

मी लावून दिला. आप्पा घसा खाकरून हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "मामा, ती पँट बिघडवलीत ते फार बरं केलंत."

पलीकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. आप्पा बराच वेळ फोन कानाला धरून बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी तो माझ्यापुढे केला.

"रडतायत ते. तूच बोल."