मुतखड्यासाठी प्रार्थना

आमच्या सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, चहाडी करायला बंदी होती. प्रार्थनेचे विषय सांगायला नव्हती. त्यामुळे मेसमधलं दुसरं अंडं कुणी उचललं हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही. सकाळच्या उपासनेत उभं राहून एवढंच म्हणायचं की, एका बांधवाला जिभेवर ताबा मिळावा म्हणून आपण प्रार्थना करू या. सगळे डोळे मिटून आमेन म्हणत, आणि अर्धेजण डोळे किलकिले करून तो बांधव कोण ते बघत.

नांदेडच्या बाहेर, अर्धापूरच्या अंगाला, केळीच्या बागांना लागून आमचं आवार होतं. एका खोलीत दोघं. हे दोघं एकमेकांचे प्रार्थनासोबती. जेवणाच्या घंटेआधी अर्धा तास गुडघ्यावर बसून एकमेकांच्या अडचणी देवापुढं मांडायच्या. माझा सोबती उदगीरकडचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि बोलायला कंजूष. बोललाच तर एखादा कानडी शब्द मध्ये येई, आणि तोही वाया गेला असं त्याच्या चेहऱ्यावर दिसे.

प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला ‘माझे पाचारण’ या विषयावर निबंध लिहावा लागे, म्हणजे देवानं आपल्याला या कामाला कसं बोलावलं ते. बहुतेकांना मरता मरता बोलावणं आलं होतं. मला दहावीत साधा ताप आला होता. निबंधात मी त्याला टायफॉइडच्या पदावर बढती दिली. दुसऱ्या वर्षी त्या बढतीबद्दल मलाच शंका यायला लागली, आणि मी तलाठी भरतीचा फॉर्म भरला. सेंटर लातूर आलं. तलाठी मी झालो नाही, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणी वाट पाहायला नको.

नियम स्पष्ट होता. शिकत असताना दुसरीकडं अर्ज केला तर नाव कमी. नाव कमी होणं म्हणजे कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी परत जाणं, जिथं बाया माझ्या आईला आधीच ‘पाळकाची माय’ म्हणू लागल्या होत्या. आणि मला जायचंच होतं असंही नाही. दार नुसतं लोटून ठेवायचं होतं, कडी न लावता. म्हणून हे मी एकट्या सोबत्याला सांगितलं, तेही प्रार्थनेत. आईला फोनवर सांगितलं होतं, पण आईला सांगणं मी सांगण्यात धरत नव्हतो.

आठ दिवसांनी उपासनेत प्राचार्य प्रार्थनेला उभे राहिले. त्यांची प्रार्थना एरवी दूरच्या देशांपासून निघून मेसच्या गॅस सिलिंडरपर्यंत यायला वीस मिनिटं घेई. त्या दिवशी त्यांनी मधले देश गाळले. "प्रभू, या आवारात एक तरुण दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे," ते म्हणाले, "आणि त्यातला एक दगड महसूल खात्याचा आहे."

सगळे आमेन म्हणाले. मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणालो.

त्या दिवसापासून सोबत्यावर माझी नजर. तो रोज साडेचारला प्राचार्यांच्या बंगल्यावर जायचा आणि साडेपाचला परत यायचा. कुठं गेलतास विचारलं तर "हितंच" म्हणायचा. उशीखाली एक वही होती. मी खोलीत आलो की ती मिटायची. पुरावा पुरेसा होता, तरी मी स्वतःला न्यायी समजत असल्यामुळं सापळा लावला. एका संध्याकाळी गुडघ्यावर बसून त्याला सांगितलं, मला मुतखडा झालाय, कुणाला बोलू नकोस. चार दिवस वाट पाहिली. उपासनेत मुतखड्याचं नाव नाही. दुसऱ्या कुणी यावरून त्याला निर्दोष ठरवलं असतं. मी म्हटलं, पक्का आहे. काय कळवायचं आणि काय नाही, एवढं याला समजतं.

मग मी ते केलं ज्याची अजून लाज वाटते. उपासनेत उभा राहिलो आणि विनंती केली की, एका बांधवाला मोठ्यांच्या उंबऱ्याची ओढ लागली आहे, तीतून त्याची सुटका व्हावी. आमेन नेहमीपेक्षा जोरात झालं. दुपारपर्यंत त्याचं नाव ‘बंगलेवाले ब्रदर’ पडलं. मेसमध्ये भाजी वाढणाराही विचारू लागला, बंगल्यावर जेवून आलात का. त्याचं बंगल्यावर जाणं बंद झालं, आणि तो मी कबुलीजबाब धरला.

पुढच्या सोमवारी प्राचार्यांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर वर्धापनदिनाच्या फ्लेक्सचा नमुना पसरला होता. त्यात पाहुण्यांचा फोटो एवढा मोठा की क्रूस त्यांच्या खांद्यावरून डोकावत होता. प्राचार्यांनी फोन माझ्याकडं सरकवला. जिल्ह्यातल्या मंडळ्यांचा, म्हणजे चर्चांचा, प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यावर आमच्या गावच्या पाळकांनी टाकलं होतं की, आपल्या एका भगिनीचे चिरंजीव, सध्या सेमिनरीत, लातूरला तलाठ्याच्या परीक्षेस बसत आहेत, पेपर सोपा जावा म्हणून आठवण ठेवावी. खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात एक जोडी प्राचार्यांची होती. मेसेज पुरता वाचायच्या आधी जोडलेली असणार.

परीक्षा की सेमिनरी, शुक्रवारपर्यंत सांग, असं ते म्हणाले. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, सोबती आजारी आहे का. आठवडा झाला, इंग्रजीला आला नाही, बाई वाट बघतात. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. पुढच्या वर्षाची निम्मी पुस्तकं इंग्रजीत होती, म्हणून त्या त्याला चौथीच्या पुस्तकापासून शिकवत होत्या. एवढ्या बाप्याला स्पेलिंग पाठ करताना कुणी बघू नये, म्हणून ती वही मिटत होती.

बाहेर येऊन आईला फोन लावला.

"म्या कुनालाच न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "नुसतं प्रार्थनेला ठिवलं."

खोलीत जाऊन मी सोबत्याची माफी मागितली. सगळं सांगितलं, मुतखडा सोडून. तो वहीच्या पुठ्ठ्यावरून नख फिरवत ऐकत राहिला.

"आन् खड्याचं काय?" त्यानं विचारलं. "दुखायलंय का अजून? मी रोज प्रार्थना करायलोय."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि "गेला" असं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उपासनेत, दोन वर्षांत कधी न बोललेला तो माणूस उभा राहिला आणि माझा खडा विरघळल्याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले. प्राचार्यांनी डोळे उघडले. उपासना सुटल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले की वर्धापनदिनाला पाहुण्यांसमोर ही साक्ष मीच द्यायची. लातूरचं ते प्रभूनं मिटवलं असं समजायचं. माझी जागा वाचली होती. टायफॉइडच्या जोडीला फक्त एक मुतखडा लागणार होता.

"सर, खडा नव्हताच," मी म्हणालो.

त्यांनी खांद्यावरचा हात काढला. "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू नकोस."

सोबत्याला सांगावंच लागलं. तो रागावला नाही. खाटेवर बसून बराच विचार करून म्हणाला, "मंग इतके दिवस मी कशावर प्रार्थना करत होतो?" याचं उत्तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठं आलं नव्हतं.

शुक्रवारी मी नाव कमी करण्याचा अर्ज दिला. माझी बॅग तोच रस्त्यापर्यंत घेऊन आला. लातूरची गाडी लांबून दिसली तेव्हा त्यानं विचारलं, पेपरासाठी प्रार्थना करू का. कर म्हटलं, पण ग्रुपवर नको. तो हसला नाही.

गाडीत चढून मी खिडकीतून पाहिलं. साडेचार होत आले होते. त्यानं शर्टाच्या आतून वही काढली आणि मेससमोर बसलेल्या पोरांच्या देखत, ती हातात धरून, बंगल्याकडं निघाला.