अर्धा पासवर्ड

जगातली सगळी माणसं चोर आहेत आणि स्वतःबद्दलही खात्री देता येत नाही, असं मानणारा पनवेलात एकच माणूस आहे, आणि ते नेमके माझे थोरले साडू आहेत. कंपन्यांचे सर्व्हर तपासायचे, त्यांतल्या फटी शोधून बुजवायच्या, हा त्यांचा धंदा. पण धंदा ऑफिसात ठेवून घरी येतील तर ते साडू कसले! आमच्याकडे जेवायला आले की आधी वायफाय तपासतात, मग पानावर बसतात. एकदा पळस्प्याच्या हॉटेलात फुकट वायफायची पाटी दिसली, तर गृहस्थ अर्धा चहा टाकून उठले. "फुकट देणारा काहीतरी घेऊन जातो," म्हणाले.

घरीही त्यांनी एक सर्व्हर बसवला, देवघराला लागून. लग्नाचे फोटो, मुलीचं बारसं, गव्हाणला माहेरच्या हळदीत ताई गायली ते गाणं, सगळं त्यात. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी मेव्हणी. कुलूप असं, की पासवर्डचा पहिला अर्धा भाग यांच्याकडे, दुसरा ताईकडे, आणि एकमेकांना सांगायचा नाही! फोटो बघायचे तर एकाने टाईप करायचं, तोवर दुसऱ्याने भिंतीकडे तोंड. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. ताई म्हणायची, "बरं हाय. यांना माजी गरज लागते तरी."

मागच्या वर्षी ताई आजारी पडली. वॉर्डात मी शेजारीच उभा होतो. ती म्हणाली, "आवो, माजं अर्धं सांगून ठेवते." साडूंनी आजूबाजूच्या खाटांकडे पाहिलं आणि हलकेच तिच्या ओठांवर हात ठेवला. "इथं नको, लोक ऐकतील. घरी गेल्यावर सांग." ती हसली. घरी मात्र ती आलीच नाही.

आता सर्व्हर उघडत नाही. पासवर्डाशिवाय आत शिरायचं मागचं दार त्यांनीच ठेवलेलं नाही, आणि एकदा चुकलं की दुसऱ्या दिवसापर्यंत बंद, हा नियमही त्यांचाच. रोज दिवेलागणीला ते एक शब्द टाकून बघतात आणि मला फोन करतात. "आज निवट्या टाकलं. तिला आवडायच्या ना?" मग खाडीतल्या त्या मासळीच्या कालवणावर बोलत राहतात. ताई होती तेव्हा तिच्याबद्दल इतकं कधी बोलले नव्हते.

परवा मात्र त्यांचा बांध फुटला. "सगळ्या जगाच्या फटी बुजवल्या हो. तिचं तोंड तेवढं बंद करायला नको होतं." मग विचारलं, "उद्या काय टाकू?" हिला विचारून सांगतो, म्हटलं. आणि आम्ही नवराबायको जेवणं तशीच ठेवून ताईला काय काय आवडायचं ते आठवत बसलो.